माल्टाला गेलात तर कान उघडे ठेवा

ही होडी बघा. निळी, पिवळी, लाल, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक डोळा. हिला म्हणतात लुत्सू, आणि हे डोळे समुद्रात मच्छीमारांची राखण करतात असं इथली जुनी माणसं मानतात. गावाचं नाव मार्साश्लोक, देश माल्टा. इटलीच्या सिसिली बेटापासून साधारण ९० किलोमीटर खाली, सगळा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान.

पण बंदर असं की ज्याला भूमध्य समुद्र ताब्यात हवा त्याला माल्टा हवंच. अरब आले, नॉर्मन आले, सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे धर्मासाठी लढणारे ख्रिस्ती सरदार, आले, १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सैन्याने वेढा घातला तो या नाइट्सनी आणि गावकऱ्यांनी मिळून परतवला आणि पुढच्याच वर्षी आजची राजधानी व्हॅलेटा हिचा पाया घातला, मग नेपोलियन, मग इंग्रज, आणि स्वातंत्र्य थेट १९६४ ला.

आता हे सगळं म्युझियममध्ये दिसेलच, पण मला विचाराल तर ते खरं ऐकू येतं बाजारात. माल्टी भाषा अरबीतून आलेली, पण लिहितात रोमन लिपीत. जगाला म्हणतात दिन्या, आपली दुनियाच की! पुस्तक म्हणजे क्तिएब, आपलं किताब. लोक पक्के कॅथलिक, चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि देवाला हाक मारतात अल्ला. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळाला नाव आहे रान्दान, ओळखीचं वाटतंय ना? आणि थँक्यू मात्र इटालियन वळणाचं, ग्रात्सी. एका वाक्यात एवढा इतिहास बोलणारी माणसं मी तरी दुसरीकडे नाही ऐकली.

गोझो बेटावरची जगन्तिया मंदिरं चुकवू नका, गिझाच्या पिरॅमिडपेक्षा हजारेक वर्षं जुनी आहेत, आणि ते अवाढव्य दगड माणसांनी धातूची हत्यारं नसताना रचलेत. शेजारच्या छोट्या कोमिनो बेटाचं निळं पाणी सुंदर आहेच, पण उन्हाळ्यात गर्दी फार, सकाळी लवकर जा.

आणि भूक लागली की पास्तित्सी घ्या, गरम, खारीसारखे पापुद्रे, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, खाताना शर्टभर चुरा सांडतो, सांडू दे. दुकानात शिरताना बॉन्जू, म्हणजे सुप्रभात, म्हणा आणि मग मागे उभं राहून दोन मिनिटं नुसतं ऐका.