दृक्-चेतेतले घड्याळ

पडद्यावर दिसणारा हा पांढुरका धागा म्हणजे रॅट जातीच्या उंदराची दृक्-चेता, आपल्या बोलीत डोळ्याची नस. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे सुमारे लाखभर तंतू तिच्यातून धावतात. पण त्या तंतूंच्या मूळ पेशी डोळ्याच्या पडद्यातच राहत असल्यामुळे, ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या सोबतिणी, चेतापेशींच्या गर्दीविना पाहायच्या असतील, तर याहून सोयीची जागा मिळणे कठीण.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी 1983 मध्ये या नसेतली एक पूर्वपेशी, म्हणजे पुढे पक्व ग्लिया पेशी बनणारी कच्ची पेशी, वेगळी काढली. वासराच्या गर्भाचे सीरम (रक्तातला पातळ द्रव) घातलेल्या पेशी वाढवण्याच्या बशीत ती ॲस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची ग्लिया पेशी, होई, आणि सीरम नसेल तर ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे तंतूंना मायेलिनचे स्निग्ध वेष्टन गुंडाळणारी ग्लिया पेशी. यातली ॲस्ट्रोसाइटची वाट जिवंत प्राण्यात शोधू गेल्यावर मात्र ठामपणे हाती लागली नाही. बशीवर किती विसंबावे, हे त्यावरून कळते.

1986 मध्ये सॅली टेंपल आणि रॅफ यांनी एकाच पूर्वपेशीच्या दोन लेकी दोन निरनिराळ्या बशांत, ॲस्ट्रोसाइटच्या थरावर ठेवल्या. ताटातूट होऊनही दोघी बहुधा तेवढ्याच वेळा दुभंगल्या आणि थांबल्या. ही मजल जास्तीत जास्त आठ विभाजनांची, म्हणजे एकीपासून फार तर 256 पेशी.

ॲस्ट्रोसाइटचा थर नेमके काय पुरवत होता, याचा उलगडा 1988 मध्ये झाला. तो होता पीडीजीएफ, प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या कणिकेत प्रथम सापडल्यामुळे तिचेच नाव लागलेला वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारे प्रथिन. तो मिळाला नाही, तर पूर्वपेशी विभाजन सोडून वेळेआधीच ऑलिगोडेंड्रोसाइट बनते. मिळत राहिला, तर ती दुभंगत राहते, पण आपली मजल संपताच, भोवती पीडीजीएफ मुबलक असतानाही, थांबते. म्हणजे कधी थांबायचे हे ठरवणारे घड्याळ पेशीच्या आत आहे आणि पीडीजीएफ ते चालते ठेवतो. त्याच्या जोडीला एफजीएफ हा दुसरा वृद्धिघटक दिला, की हे घड्याळ जणू वाजायचेच विसरते आणि पेशी परिपक्व न होता दुभंगतच राहतात.

हे मात्र केवळ बशीतले नव्हे. पीडीजीएफची ए-साखळी, म्हणजे त्या प्रथिनाचा एक घटक भाग, बनवणारे जनुक काढून टाकलेल्या माऊस जातीच्या उंदरांत ऑलिगोडेंड्रोसाइट फारच थोड्या तयार होतात, मायेलिन विरळ राहते, आणि जी पिल्ले जगतात त्यांचे अंग थरथरत असते.