पिशवीत ग्रंथ, हातात पान्हा

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

परदेशी सेवेला गेलेलं साठी-सत्तरीचं मिशनरी जोडपं म्हटलं की डोळ्यांसमोर प्रवचन येतं, दारोदार फिरणं येतं. प्रत्यक्षात त्यांचा दिवस आपल्या मंडळाच्या कार्यवाह-खजिनदारांसारखा असतो. किल्ल्या, पावत्या, फोन आणि गळणारा नळ. आमच्या कार्यवाहांनी मान डोलावली, म्हणजे मुद्दा पोचला.

उदाहरणाला लॅटर-डे सेंट्स चर्चची, म्हणजे मॉर्मन पंथाची, पद्धत घेऊ, कारण निवृत्त जोडप्यांना पाठवण्याची त्यांची व्यवस्था मोठी आणि नियमांत बसवलेली आहे. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. पगार नाही, उलट खर्च आपला आपण करायचा. २०११ साली चर्चने जोडप्याने राहत्या जागेसाठी भरायच्या खर्चाला महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली. तिच्यात भाडं, वीज-पाणी, फर्निचर सगळं आलं. तरुण मिशनऱ्यांचं वेळापत्रक घट्ट बांधलेलं असतं, ज्येष्ठांना मोकळीक असते आणि दारं ठोठावण्याची सक्तीही नसते. त्यांच्याकडे येतं ते कचेरीचं काम, गाड्यांचे हिशेब, घरमालकांशी करार आणि तरुणांच्या बिऱ्हाडांची पाहणी.

या पाहणीतच खरी मेख आहे. घरात शिरल्यावर आधी छताकडे बघायचं. धुराचा अलार्म जागेवर नसेल तर तो बहुधा कपाटात सापडतो. बॅटरी उतरली की तो थोड्या थोड्या वेळाने ‘टिक्’ करतो, रात्री झोपमोड होते आणि पोरं त्याला उतरवून ठेवतात. रागावून उपयोग नाही. नवी बॅटरी बरोबरच न्यायची, समोर बसवायची, बटण दाबायचं आणि तो किंचाळल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारं यंत्र वेगळं, हे अनेकांना ठाऊक नसतं. या वायूला ना रंग, ना वास. बाथरूममध्ये गॅसचा गीझर, त्याचं धुराडं बाहेर काढलेलं नाही आणि थंडी म्हणून खिडकी घट्ट लावलेली, असा योग जुळला की जीव जातो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गॅस नीट जळत नाही असं समजायचं, आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर बंद. घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं कुणी म्हणालं तर त्याला सर्दीतापाची गोळी देऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टर गाठा. यंत्राच्या पाठीवरची तारीखही वाचा. आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, तरी बटण दाबलं की भोंगा वाजतोच, कारण बटणाने सेन्सरची परीक्षा होत नाही. हे यंत्र झोपायच्या खोलीजवळ लावायचं. सिलिंडरच्या गॅसची गळती ओळखणारं मात्र खाली, जमिनीलगत, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो.

मग सिंकखालच्या फळीवरून हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसलेली ओल बोटांना कळते.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळू द्यायचं. २,००० मीटरच्या वरच्या गावात ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. चिनीमातीच्या कँडलचा फिल्टर असेल तर कँडल मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासायची, साबण लावायचा नाही. केसाएवढी जरी चीर दिसली तरी कँडल टाकून द्यायची. आणि अशा कँडलने विषाणू अडत नाहीत, तेव्हा उकळणं चुकत नाही.

आता औषधं. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. ‘मुलगा मागून पार्सल करेल’ हा बेत कस्टममध्ये अडकतो. निघतानाच शक्य तितका साठा मूळ वेष्टनात घ्यायचा, निम्मा याच्या केबिन बॅगेत, निम्मा तिच्या. एक बॅग हरवली तरी निभावतं. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवं, कारण तिकडे ब्रँड ओळखीचा नसतो. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायचं नाही. गोठलं तर ते वाया जातं आणि बघून कळेलच असं नाही. शिवाय एका देशात सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात चालत नाही. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की मेडिकेअर हा तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा देशाबाहेर सहसा पैसे देत नाही. विमा वेगळा काढावा लागतो.

व्हिसाच्या खिडकीवर एक गमतीची अडचण येते. वयाने बोटांच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते, यंत्राला ठसा उमटत नाही आणि मागे रांग खोळंबते. आदल्या दिवसांत हातांना क्रीम चोळत राहावं, खिडकीशी जाण्याआधी बोटं पुसून घ्यावीत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना साधारण वर्षभरच चालतो, तेव्हा १८ महिन्यांच्या मुदतीत तो मधेच संपतो. स्थानिक परवान्याचा अर्ज पहिल्या तिमाहीतच टाकलेला बरा.

आणखी एक गोष्ट हळूच सांगतो. घरी त्यांचं वर्तमानपत्र वेगळ्या खोलीत, यांचा फोन वेगळ्या खोलीत, असं बरं चाललेलं असतं. तिथे चोवीस तास एकच गाडी, एकच टेबल. तिसऱ्या आठवड्यात भांडण होतं ते श्रद्धेवरून नव्हे, रस्ता कुणी चुकवला यावरून. नकाशा एकाने बघायचा, गाडी दुसऱ्याने चालवायची आणि दुपारी तासभर दोघांनी दोन खोल्यांत बसायचं. हे वेळापत्रकात लिहूनच टाकावं.

मुदत संपताना सामान बांधण्याआधी वही बांधायची. कुठला नळ कुठल्या व्हॉल्व्हने बंद होतो, कुठल्या घराचं कुलूप उचलून फिरवावं लागतं, कुठल्या यंत्राची तारीख कधी संपते, घरमालक फोन कधी उचलतात. प्रत्येक किल्लीला धातूची चकती आणि चकतीवरचा क्रमांक वहीत. पत्ता मात्र चकतीवर लिहायचा नाही.