'होय म्हाराजा' म्हणणारी माणसे

मित्रहो,

आपल्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने मोठ्याने म्हटलेले मागणे, घातले जात असताना आपले लक्ष पुढे उभे राहून बोलणाऱ्या मानकऱ्याकडे असते. पण ते गाऱ्हाणे पुरे करतात ती त्याच्या मागे उभी असलेली माणसे. "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा" अशी हाक गेल्यावर मागून "होय म्हाराजा" असा हुंकार आला नाही, तर पुढचे वाक्य बोलताच येत नाही. आज परंपरांच्या जतनाविषयी बोलताना मला या मागच्या माणसांविषयी बोलायचे आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी शिमग्यात गावाकडचे संपूर्ण गाऱ्हाणे मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि चांगल्याच हेतूने मुंबईकर चाकरमान्यांच्या गटावर टाकले. पंधरा दिवसांच्या आत त्याला सिनेमातले संगीत जोडून कोणीतरी त्याची विनोदी चित्रफीत केली आणि ती हातोहात फिरली. आमचे वयोवृद्ध मानकरी रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "रेकॉर्डिंग केलंस ता बरा केलंस, पण तू 'होय म्हाराजा' म्हटलंस काय रे?" मी म्हटले नव्हते. ध्वनिमुद्रणात माझा आवाज येऊ नये म्हणून मी तोंड मिटून उभा होतो.

जतनाच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा हेच करतो. आपण नोंद करणारे होतो आणि त्याच क्षणी सहभागी असण्याचे थांबतो. मग दहा वर्षांनी आपल्याकडे उत्तम नोंदी असतात आणि देवळासमोर हुंकार द्यायला पाच माणसे नसतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे उदाहरण आपल्या सर्वांच्या घराशेजारचे आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. चित्रकथीत चित्रांचा एक जुडगा असतो, त्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंगाचे चित्र प्रेक्षकांसमोर धरायचे आणि टाळ आणि हुडुक या छोट्या चर्मवाद्याच्या साथीने त्याची कथा गाऊन सांगायची, असा हा प्रकार आहे. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता आणि देवळांतून ती सादर होत असे. म्हणजे पोथी, कथा सांगणारा, ठरलेले देऊळ आणि रात्र जागवणारा गाव अशा चार गोष्टी एकत्र आल्या की चित्रकथी होत असे. त्यांतली पोथी आज काचेमागे सुरक्षित ठेवता येते. रात्र जागवणारा गाव काचेमागे कसा ठेवायचा?

परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले, तिथे येणाऱ्यांना बाहुल्या आणि चित्रे दाखवली, खेळ करून दाखवले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. बाहेरच्या कोणा तज्ज्ञाने येऊन ते उभे केले नाही, ठाकर समाजातल्याच माणसाने आपल्या अंगणात उभे केले, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. पण एका घराने पेललेला भार पाहून आपण बाकीच्यांनी निश्चिंत व्हावे, हे मला पटत नाही. आपल्या गावच्या जत्रेत दशावताराआधी तासभर चित्रकथीला द्यायला कोणता कायदा आड येतो? मानधन द्यावे लागेल, हे खरे. वाद्यवृंदाला देतो त्यापेक्षा ते पुष्कळ कमी असेल, हेही खरे.

आता किनाऱ्याने उत्तरेकडे, डहाणूकडे जाऊ या. वारली चित्रे आज साड्यांवर, कपांवर आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात. पण ती मुळात घरातल्या लग्नाची आहेत. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नचौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहीत. त्या चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. लग्न लावण्याचा अधिकार जिथे बाईकडे आहे अशा या समाजाची चित्रे आपण दिवाणखान्यात लावली, पण धवलेरीचे नाव किती जणांनी ऐकले आहे? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी त्यांना स्वतःची अशी वेगळी प्रतिभा दिली आणि त्यांचे नाव जगभर झाले. त्यामुळे अनेक वारली घरांत चार पैसे आले. त्याला नाके मुरडणारे स्वतःच्या पगारावर जगत असतात, हे मी इथे मुद्दाम सांगतो. मात्र कागदावर चित्र आले तसे धवलेरीचे गाणे आले नाही, कारण ते विकता येत नाही आणि लग्नाशिवाय ते म्हणायचे तरी कुठे? तारप्याचेही तसेच आहे. वाजवणाऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांच्या साखळीची पावले बदलतात; साखळीच नसेल तर तारपा हे दुधीभोपळ्याचे आणि बांबूचे एक सुंदर वाद्य तेवढे उरते.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ते नावाचा गैरवापर रोखण्यासाठी उपयोगी पडते. चौकातली देवी कशावर छापावी आणि कशावर छापू नये, हे मात्र ते सांगत नाही. ते त्या समाजानेच सांगायचे असते आणि आपण ते ऐकायचे असते. १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने, तिथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. डहाणू-तलासरी त्या क्षेत्रात येतात, पिंगुळी येत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्काचाही उल्लेख आहे. कायद्याविषयी आज इतकेच पुरे.

आपल्या देवरहाटीविषयी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाविषयी, थोडे कडू बोलणार आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशाच रानांचा, देवरायांचा, अभ्यास मांडला, तेव्हा जगाला त्यांचे मोल कळू लागले. आपल्या पूर्वजांना ते न वाचताच कळले होते. देवाच्या रानातली वाळलेली काटकीसुद्धा चुलीत जात नसे आणि त्या रानाखालचा झरा मे महिन्यातही वाहत असे. अशी राने कोणी परक्याने तोडली असती तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. परंतु कितीतरी ठिकाणी ती जीर्णोद्धारासाठी गेली आहेत. जुने कौलारू देऊळ पाडायचे, स्लॅबचे बांधायचे, लाद्या बसवायच्या आणि निधी कमी पडला की रहाटीतली झाडे विकायची. देवाला घर देण्यासाठी देवाचे रान विकण्याचा हा व्यवहार भक्तीनेच होतो, म्हणून त्याला अडवणे फार अवघड जाते. देवाला कौल लावून विचारले काय, असे एकदा मी सभेत विचारले, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

आम्ही काही मंडळी गेली काही वर्षे जे थोडेफार काम करतो, त्याची रीत त्या फसलेल्या चित्रफितीनंतर बदलली. आता आधी जाऊन बसतो, दोन-तीन वेळा नुसते बसतो, भात लावणीच्या दिवसांत असलो तर चार ओळी लावूही लागतो. यंत्र नंतर निघते, आणि सांगणाऱ्याने होकार दिला तरच निघते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी राहते. शाळेतल्या मुलांना आम्ही ध्वनिफिती ऐकवत नाही. शक्यतो आजीलाच शाळेत नेतो किंवा मुलांना आजीच्या पडवीत नेतो, कारण चुकलेला शब्द ध्वनिफीत दुरुस्त करत नाही, आजी करते. यात वेळ फार जातो आणि वर्षाअखेरीस दाखवण्यासारखे आकडे हाती लागत नाहीत. अनुदान देणाऱ्यांना हे समजावणे जमलेले नाही, हेही कबूल करतो.

आमच्या नोंदवहीत गीताचे नाव, गाव, प्रसंग, दिवस असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मानकऱ्यांच्या त्या प्रश्नानंतर वाढवला. त्यात 'कोणी ऐकावे' हे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहितो. कोणी 'सगळ्यांनी' असे सांगतात, कोणी 'फक्त बायकांनी', कोणी 'नवा भात घरात आल्यावरच'. बऱ्याच नोंदींसमोर 'गावातच' असे लिहिले आहे, आणि त्या ध्वनिफिती आज मी येथे आणलेल्या नाहीत.