लाईट गेल्यावर फिल्टरचं काय होतं?

(म्हापसा. भर बाजारातलं एक दुकान. फळीवर एकावर एक रचलेले खोके.)

हे माशांचं दुकान. पाळायच्या माशांचं, गोव्यात एवढा खुलासा आधीच करावा लागतो. आतल्या टाक्यांत गप्पी, मोली, एंजल, गोल्डफिश. बाहेर फळीवर फिल्टरचे खोके आणि प्रत्येक खोक्यावर ठळक आकडा: तासाला 500 लिटर, 800 लिटर, 1200 लिटर. गिऱ्हाईक त्या आकड्यावर बोट ठेवतं आणि भाव विचारतं.

"काका, दोन फुटी टाकी आहे. यातला कुठला देता?"

"घरी इन्व्हर्टर आहे?"

"नाही. का हो?"

"मग हा मोठा राहू दे."

दुकानदाराने हातचं गिऱ्हाईक घालवलं, पण सल्ला चोख दिला. गोव्यातल्या घरासाठी फिल्टर निवडायचा तर पहिला प्रश्न हाच: लाईट गेल्यावर काय होईल? पाण्याचा वेग, खोक्यावरचं चित्र, गॅरंटी, हे सगळं त्याच्या मागून.

(टाकीतला स्पंज, अगदी जवळून. छिद्राछिद्रांत तपकिरी गाळ.)

हा वापरातला स्पंज. हात लावला तर बुळबुळीत लागतो. घरात कोणीतरी तो नळाखाली धरून पांढरा करायला निघतंच. त्यांना वेळीच अडवा, कारण तो बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर. बाकी सगळं प्लास्टिक.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. पाणी दिसायला स्वच्छ आणि मासे मात्र वर येऊन धापा टाकतायत, ही गत बऱ्याचदा यातूनच होते. स्पंजावर वस्तीला असलेले सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते माशांना बरंच सोसवतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

हे काम जिवाणूंचं, हे रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राडस्की यांनी 1890च्या सुमारास दाखवलं. त्यांचे जिवाणू मातीतले. घरगुती टाकीत नेमकं कोण राबतंय याचा पत्ता लागायला पुढची शंभर वर्षं गेली. नायट्राइटच्या कामाला सगळीकडे नायट्रोबॅक्टर या जिवाणूचं नाव छापलेलं असायचं. 1998 मध्ये समोर आलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करतात. 2011 मध्ये तर अमोनियाच्या कामात आर्किया या वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव पुढे असल्याचं अशा टाक्यांच्या फिल्टरमध्ये आढळलं. 'तयार जिवाणू' म्हणून ज्या बाटल्या खपवल्या जातात, त्या भरणाऱ्यांच्या कानावर हे गेलंय की नाही, देव जाणे.

या सगळ्यांना प्राणवायू लागतो, आणि तो सतत लागतो. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. त्यात पाणी तापलं की प्राणवायू मावतो कमी: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. मे महिन्यात फोंड्याला किंवा डिचोलीला घरातल्या टाकीचं पाणी 30च्या घरात सहज जातं. म्हणजे आपल्याकडे मुळातच हात आखडता.

(जुलैची संध्याकाळ. पाऊस. वरचा पंखा मंदावत थांबतो.)

माडाची झावळ तारांवर पडते आणि लाईट जाते. कधी दहा मिनिटांत येते, कधी मेणबत्तीवर रात्र काढावी लागते. टाकीत त्या वेळात काय घडतं, ते फिल्टर कुठल्या जातीचा यावर अवलंबून.

कॅनिस्टर घ्या. टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा, दोन नळ्या, आत स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा यांचे थर. फिल्टरांमधला हा सर्वांत ताकदवान. पण डबा बंद. पाणी फिरायचं थांबलं की आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू थोड्याच वेळात संपवतात आणि मग स्वतःच गुदमरायला लागतात. काही तास असे गेले की आत सडायला सुरुवात होते. पहाटे लाईट येते, आपण झोपेत असतो, आणि मोटर ते कुजलेलं पाणी इमानेइतबारे टाकीत ढकलते. रात्री ठणठणीत असलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात, त्यामागे कधी कधी हे कारण असतं आणि ठपका मात्र खाण्याच्या डबीवर जातो. घरी कॅनिस्टर असेल आणि लाईट बराच वेळ गेली असेल, तर त्याचा प्लग काढून ठेवायचा. चालू करण्याआधी डबा उघडून आतलं पाणी ओतून द्यायचं, स्पंज आणि रिंगा टाकीच्याच पाण्यात खंगाळायच्या.

काचेच्या कडेवर मागे टांगतात त्या फिल्टरची तऱ्हा निराळी. तो उघडा असल्यामुळे आत सडण्याचं भय कमी, पण लाईट गेली की त्याच्या खोक्यातलं पाणी उतरू शकतं. लाईट आल्यावर काही मॉडेलं पाणी परत ओढत नाहीत. मोटर कोरडीच घरघरत राहते. विकत घेतानाच दुकानदाराला प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. आपोआप धार सुरू झाली तर घ्या.

टॉप फिल्टर, म्हणजे टाकीवर आडवा बसणारा लांबट ट्रे आणि त्यात पांढरा कापूस, दिसायला गावठी. मला तो आवडतो. पाणी वरून पडतं, पृष्ठभाग ढवळतो, हवा भरपूर मिसळते, आणि कापूस मळला की झाकण उचलून बदलता येतो. आवाज होतो, तेवढा सोसायचा. खडीखाली जाळी घालायची जुनी पद्धतही अजून दिसते. खडीखाली गाळ साचत राहतो आणि साफ करायचा तर अख्खी टाकी उपसावी लागते. नव्याने सुरू करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

(स्पंज फिल्टर. एअर पंप सुरू होतो, नळीतून बुडबुडे वर चढतात.)

आणि हा फळीवरचा सर्वांत स्वस्त माल. एक स्पंज, एक उभी नळी, बाहेर एअर पंप. बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी सोबत नेतात आणि त्या जागी नवं पाणी स्पंजातून आत ओढलं जातं. पाण्यात मोटर नाही, बिघडायला फारसं काही नाही. लाईट गेली तरी स्पंज टाकीच्या मोकळ्या पाण्यातच असतो, त्यामुळे त्यावरचे जिवाणू डब्यात कोंडलेल्यांपेक्षा जास्त तग धरतात. 5 वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 3.6 युनिट जळतात. बॅटरीवरचे छोटे पंप मिळतात. यूएसबीवर चालणारा घेतला तर मोबाइलची पॉवर बँकही पुरते. दोन फुटी टाकी आणि इन्व्हर्टर नाही, तर माझं मत यालाच. तीन-चार फुटी टाकीला कॅनिस्टर शोभतो, पण सोबतीला एक स्पंज ठेवाच. काय घ्यायचं ते ठरवताना दिखाऊपणाचा मोह होतो, कारण टाकी दिवाणखान्यात असते आणि स्पंज पाहुण्यांच्या नजरेत भरत नाही. त्याला एखाद्या लाकडाआड किंवा झाडाआड ढकला.

खोक्यावरच्या आकड्याचंही बघून घेऊ. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडी घातली, वर थोडी जागा सोडली की 50च्या आतबाहेर. पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावं असा ठोकताळा, म्हणजे 200 ते 300 लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र मोटर रिकामी असतानाचा. स्पंज भरला, पाणी वर चढवायचं झालं, गाळ साचला, की धार बरीच घटते. म्हणून थोडा वरचा आकडा घ्यावा. गोल्डफिश खादाड, घाणही तितकीच करतो. त्याला याच्या दीडपट-दुप्पट. फायटरला उलट संथ पाणी हवं, जोराच्या धारेत त्याचे लांब पर त्यालाच जड होतात.

विहिरीत सोडलेल्या गप्पींना कोण फिल्टर लावतं, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडलेल्या मूठभर गप्पींच्या वाट्याला हजारो लिटर पाणी येतं, आणि त्यांना दिवसातून दोनदा कोणी खाणं टाकत नाही.

(जांभ्या चिऱ्यांची विहीर. कळशी वर येते.)

पाण्याचा विषय निघालाच आहे. नळाचं पाणी साळावलीचं असो, ओपाचं असो की अस्नोड्याचं, त्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेला असतो. स्पंज नळाखाली का धुवायचा नाही, ते यावरून कळेल. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो दोन-तीनदा पिळायचा, बस्स. नवं पाणी घालताना अँटी-क्लोरीनचे थेंब.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीनची कटकट नाही, पण दुसरी आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी सहसा मऊ असतं; आम्ल थोपवणारे कार्बोनेट त्यात थोडे. फिल्टरमधले जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि हे कार्बोनेट खाऊन टाकतात. महिन्यामागून महिने गेले की पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा (7च्या खाली आम्ल), 6च्या खाली घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. फिल्टर चालू, पाणी स्वच्छ, आणि अमोनिया साचतोय. आम्लधर्मी पाण्यात तो बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे काही बोलत नाहीत. मग कोणीतरी एके दिवशी टाकी 'स्वच्छ' करायला अर्धंअधिक पाणी बदलतं, पीएच झटक्यात चढतो आणि त्याच अमोनियाचं विष होतं. 25 अंशांना पीएच 7 असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो. पीएच 8 झाला की 5 टक्के.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांचं सुकं झालं की मूठभर शिंपले बाजूला काढा. मसाला, तेल, मांसाचा कण राहता कामा नये. घासा, उकळा, उन्हात कडकडीत वाळवा, जाडसर कुटा. जाळीच्या पिशवीत घालून टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये किंवा टाकीच्या कोपऱ्यात ठेवा. पाणी आम्ल झालं की शिंपले हळूहळू विरघळतात आणि कार्बोनेट परत मिळतात. सुरुवात टाकी नवी असतानाच करायची, चिमूटभरापासून. जुन्या, पीएच घसरलेल्या टाकीत एकदम ओंजळभर टाकले तर वर सांगितलेला प्रकार ओढवेल.

(भिंतीवरचं प्लगचं बोर्ड. वायर खाली झोळ घेऊन वर गेलेली.)

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत परतझडप बसवा, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. नाहीतर लाईट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून बोर्डाकडे. वायरला बोर्डाखाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातूनच खाली टपकेल. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा, पावसाळ्यात तर हटकून.

(पुन्हा दुकान. दुकानदार चालू टाकीतून एक स्पंज काढतो.)

नवा फिल्टर पहिल्या दिवशी नुसता पंप असतो; जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच आटोपतो. मागा, पण त्या टाकीतले मासे आधी नीट पाहून घ्या: अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर, कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला एखादा, यातलं काही दिसलं तर तो स्पंज नको. मिळालेला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, ओला घरी न्यायचा आणि त्याच दिवशी लावायचा.

"काका, मासे किती नेऊ?"

"आज चार गप्पी न्या. महिनाभराने या, मग बघू."