दोरी ओढली की रिसेट

(वरुड तालुक्यातल्या एका गावी वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मायक्रोकंट्रोलर आणि सॉफ्टवेअर रिसेट’. मागच्या रांगेतल्या काकांनी आल्याआल्या विचारलं, “सर, हे कोणतं औषध?” फवारायचं नाही, काका. तुमच्या विहिरीवरच्या मोबाइल ऑटोत जी चिप बसलीय, तिची ही गोष्ट.

फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. हे सगळं करणारी ती चिप कधीकधी अडकते. मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर सुटताना त्याच्या कॉइलमधून विजेचा झटका मागे येतो, प्रोग्रॅम भरकटतो. दिवा लागलेला दिसतो, पण ऑटो काही ऐकत नाही. मग पहिल्यापासून सुरुवात करणं आलं, म्हणजे रिसेट. तो करायचा कोणी? माझं म्हणणं, चिपनं स्वतः. आणि कशामुळे झाला, तेही तिनंच नोंदवून ठेवायचं.

आमच्याकडे एक दादाजी आहेत, संत्र्याची बाग. जानेवारीत आंबिया बहाराचा ताण तोडायचा होता, म्हणजे बहारासाठी थांबवलेलं पाणी बागेला परत द्यायचं होतं, आणि थ्री फेज नेमकी रात्रीची. ऑटो अडकला. कंपनीला फोन केला (नाव घेत नाही), तर तिकडून उत्तर : “बंद करून चालू करा.” दादाजी म्हणाले, “बंद करू कसा बाप्पा? तुम्हीच त्यात ब्याटरी टाकली ना! लाईन गेली तरी ते जित्तंच राह्यते.” खरंच होतं. लाईन गेल्याचा मेसेज पाठवता यावा म्हणून आत बॅटरी. म्हणजे थंडीत वावरात जायचं, मेन खाली पाडायचा, बॅटरी दाखवून डबा उघडायचा आणि दुसरी बॅटरी उपसायची. शेवटी दादाजींनी डब्याला खालून भोक पाडलं, आतल्या बॅटरीच्या पिनेला सुतळी बांधली आणि बाहेर लोंबती सोडली. मेन पाडा, सुतळी ओढा, झालं. पिन परत लावायला मात्र डबा उघडावाच लागायचा, तरी निम्मं काम सुटलं. पुढे कंपनीचा माणूस आला, सुतळी पाहून पोट धरून हसला, मोबाइलवर फोटो काढला आणि जाताना म्हणाला, डब्याला भोक आहे, वॉरंटी गेली!

राजेहो, हसू नका. माझा राग त्या माणसावर नाही, ज्यानं ऑटोतलं हे सर्किटचं कार्ड आखलं त्याच्यावर आहे. १९९७ साली नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. त्याच्या संगणकात कामांच्या अग्रक्रमाचा घोळ होता. ठरलेलं काम वेळेत झालं नाही असं दिसलं की यंत्रणा स्वतःच रिसेट घ्यायची. पुढे पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. तिथं सुतळी ओढायला कोण जाणार होतं?

चिठ्ठी आलीय : नऊला थ्री फेज येते, आवरा. बरं, आयटीआयच्या पोरांनो, आता भराभर लिहून घ्या.

प्रोग्रॅममधून मेमरीच्या शून्य पत्त्यावर, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, उडी मारणं म्हणजे रिसेट नव्हे. टायमर, सिरियल पोर्ट, इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच घुसणारी कामं) आधी होते तसेच राहतात. नांगर न सोडता बैल पुन्हा तासाच्या तोंडाशी आणून उभा करावा, तसं ते. आर्डुइनो ऊनो या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रिसेटची वेगळी सूचनाच नाही. तिथं वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅमनं ठरल्या वेळेत थोपटलं नाही तर चिप रिसेट करणारा आतला टायमर, १५ मिलिसेकंदांवर लावायचा आणि रिकाम्या लूपमध्ये थांबायचं. पण रिसेटनंतरही तो चालूच राहतो, तोही सर्वांत कमी वेळेवर. म्हणून सुरुवातीलाच एमसीयूएसआर, म्हणजे रिसेट कशामुळे झाला ते सांगणारं रजिस्टर, वाचून ठेवा, त्यातला वॉचडॉगचा बिट शून्य करा, मग वॉचडॉग बंद करा. नाहीतर कार्ड रिसेटच घेत बसेल. काही बूटलोडर (चिप उठल्यावर सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) हे रजिस्टर आधीच पुसतात, तेही तपासा.

एसटीएम३२ सारख्या कॉर्टेक्स-एम चिपमध्ये सोपं आहे : एआयआरसीआर रजिस्टरच्या वरच्या १६ बिटांत ०५एफए ही किल्ली आणि सोबत सिस्टिम रिसेटचा बिट लिहा, की रिसेट. किल्ली चुकली तर लिहिलेलं मानलंच जात नाही. ईएसपी३२ ला एक तयार फंक्शन आहे, ईएसपी रिस्टार्ट.

पण अडकलेला प्रोग्रॅम ही ओळ चालवणार कशी? म्हणून वॉचडॉग कायम लावलेला हवा. आणि त्याला टायमरच्या इंटरप्टमधून थोपटू नका. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट चालत राहतो, वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. रिसेटचं कारण ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहा, मालकाला मेसेज जाऊ द्या.

शेवटचं. रिसेट झाला की पिना इनपुट होतात, म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेस १० किलोओहमच्या रोधानं ग्राउंडला बांधा. चिप उठल्याउठल्या मोटर लावू नका. आधी तिन्ही फेज तपासा, आणि प्रत्येक ऑटोत थांबायची वेळ वेगवेगळी ठेवा. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुटल्या तर फ्यूज गेलाच समजा. ज्यांना वावरात जायचं ते निघा, बाकीच्यांचे प्रश्न घेतो.