ओळखीचा चेहरा, परका सांगाडा

(दृश्य: पहाटेचा उजेड. कारखान्याचं फाटक. पहिल्या पाळीच्या गाड्या आत शिरताहेत.)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या दक्षिणेला, फ्लॅट रॉक नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या कडेला एक कारखाना. त्या जागेचा सातबारा काढला, तर अमेरिकन मोटारधंद्याची गेल्या 50 वर्षांची कुंडलीच हातात येईल.

1970 च्या दशकात इथे फोर्डची फाउंड्री होती. फाउंड्री म्हणजे काय, हे कोल्हापूर-शिरोलीकडच्या माणसाला सांगायला नको. वितळलेलं लोखंड, काळी वाळू आणि साच्यातून निघणारे इंजिनाचे ब्लॉक. 1981 मध्ये ती बंद पडली. पुढे त्याच जागेवर नवा कारखाना उभा राहिला, 1987 मध्ये त्यातून गाड्या निघू लागल्या. तो बांधला होता माझदाने. म्हणजे जपान्यांनी.

आणि आज तिथून मस्टँग बाहेर पडते. पुढच्या जाळीवर उधळलेला घोडा, लांबलचक बोनेट, आखूड डिकी. अमेरिकन माणसाला याहून अमेरिकन काही दाखवताच येत नाही.

ही गाडी त्या छपराखाली कशी पोचली, ते सांगायचंय.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. प्रदर्शनातली गर्दी.)

17 एप्रिल 1964. न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन. फोर्डच्या ली आयाकोका यांनी मस्टँग लोकांसमोर आणली. किंमत 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी 22 हजार गाड्यांची नोंदणी झाली, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाखावी मस्टँग तयार होती. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी नुकतीच लायसन्सच्या वयाची झाली होती, आणि तिला वडिलांची गाडी नको होती.

यातली गंमत अशी, की मस्टँगच्या खाली सांगाडा होता फाल्कनचा. फाल्कन म्हणजे फोर्डची साधी, घरगुती, भाजी आणायला न्यायची गाडी. तिच्यावरच नवं अंग चढवलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या पाँटिॲक या शाखेने जीटीओ नावाची गाडी आणली. जनरल मोटर्सचा नियम होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या इंजिनिअरांनी पळवाट काढली. मोठं इंजिन 'गाडीत' दिलंच नाही, ज्याला हवं त्याच्यासाठी 'जादा सोय' म्हणून यादीत टाकलं. 6.4 लिटरचं इंजिन, 325 अश्वशक्ती. वरिष्ठांना पत्ता लागेपर्यंत गाडी दुकानात पोचली होती. मसल कारचा, म्हणजे बेताच्या गाडीत भलंमोठं इंजिन घातलेल्या गाडीचा जन्म असा, साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकून झाला.

पुढची पाच-सहा वर्षं मग नुसती चढाओढ. जनरल मोटर्सची कॅमॅरो आली, क्रायस्लरच्या डॉज शाखेची चार्जर आली, 1970 साली डॉजचीच चॅलेंजर आली. पेट्रोल मुबलक होतं आणि ॲव्हरेज विचारणाऱ्याला वेड्यात काढत असत.

(दृश्य: पेट्रोल पंपावरची रांग. "पेट्रोल नाही" अशी पाटी.)

मग एकामागून एक दणके बसले. 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा. तरुण पोरांच्या हातातल्या दणकट गाड्यांना विमा कंपन्यांनी लावलेले हप्ते. आणि ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. 1974 ची मस्टँग आली ती पिंटो या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर, आणि त्या वर्षी तिच्यात आठ सिलिंडरचं इंजिन मिळतच नव्हतं. नाव मोठं, लक्षण खोटं. तरीही ती भरपूर खपली, हे मान्य करायला हवं. पंपावरच्या रांगेत उभ्या माणसाला तेच हवं होतं.

तेवढ्यात जपानी गाड्या बंदरांवर उतरत होत्या. त्या नुसत्या स्वस्त होत्या म्हणून खपल्या, असं म्हणणं अर्धवट ठरेल. डेट्रॉइटच्या कंपन्या सरकारला सांगत होत्या की धुराचे नवे नियम इतक्यात पाळणं अशक्य आहे. होंडाने सिव्हिकमध्ये असं इंजिन बसवलं, की धूर शुद्ध करणारा जादा डबा न लावताही 1975 चे नियम पाळले गेले. शिवाय सकाळी थंडीत किल्ली फिरवली की ती चालू व्हायची. रोज कामावर जाणाऱ्याला आणखी काय लागतं?

1981 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने स्वतःच्या निर्यातीवर मर्यादा घालून घेतली, वर्षाला 16.8 लाख गाड्या. जपान्यांनी त्यावर दोन गोष्टी केल्या. संख्या वाढवता येत नाही, तर मोठ्या आणि महागड्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. आणि सरळ अमेरिकेतच कारखाने काढले. 1982 मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलला होंडाची अकॉर्ड बनू लागली. बांध घातला म्हणून पाणी थांबलं नाही, बांधाच्या आत विहीर निघाली.

फ्लॅट रॉकचा माझदा कारखाना याच लाटेतला.

(दृश्य: टेबलावर पत्रांचे गठ्ठे. हाताने लिहिलेली पाकिटं.)

आता या कथेतला माझा आवडता भाग. फोर्डची माझदात भागीदारी होती. 1980 च्या दशकात फोर्डमध्ये ठरलं, की पुढची मस्टँग माझदाच्या सांगाड्यावर करायची. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, चारच सिलिंडर, आणि जुळणी फ्लॅट रॉकला. हिशेबाच्या वहीत यात काहीच चूक नव्हती. 1987 च्या सुमारास ही बातमी मोटारींच्या मासिकांतून फुटली आणि मस्टँगवाले पेटून उठले. तेव्हा इंटरनेट नव्हतं. लोकांनी कागद घेतले, पेन घेतली आणि फोर्डला पत्रं लिहिली. ढिगांनी लिहिली.

फोर्डने माघार घेतली. माझदाच्या हाडांची ती गाडी 'प्रोब' या नावाने विकली. जुनी मस्टँग आहे तशी चालू राहिली. प्रोब 1997 मध्ये बंद पडली. गाडी वाईट नव्हती बिचारी, फक्त दुसऱ्याच्या नावाने वाढली होती.

बाकीच्यांना असे पाठीराखे मिळाले नाहीत. चॅलेंजर 1974 मध्येच गेली होती. मधली काही वर्षं डॉजने ते नाव मित्सुबिशीच्या एका चार सिलिंडरच्या जपानी गाडीला लावून विकलं, यापेक्षा विटंबना ती काय. कॅमॅरो 2002 मध्ये थांबली. तोवर टोयोटाची कॅमरी ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची मोटार झाली होती.

(दृश्य: जानेवारी 2003, डेट्रॉइटचं वाहन प्रदर्शन. फिरत्या चौथऱ्यावर चंदेरी गाडी.)

आणि अशा वेळी फोर्डने नव्या मस्टँगचा नमुना लोकांना दाखवला. डिझाइनप्रमुख होते जे मेज. फोक्सवॅगनच्या बीटलला नव्या रूपात आणण्यात ज्यांचा हात होता, तेच. मुख्य अभियंता होते हाउ थाय-टँग. जन्म सायगावचा. 1975 मध्ये सायगाव पडलं तेव्हा त्यांचं कुटुंब अमेरिकेत आलं. अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठी व्हिएतनाममध्ये आणलेली मस्टँग त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्या मुलाच्या हाती 30 वर्षांनी तीच गाडी नव्याने घडवायचं काम आलं. डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या एखाद्याला हे तितक्या असोशीने जमलं असतं का, मला शंका आहे.

जरा जवळून बघू या. 2005 च्या मस्टँगच्या मागे जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंना तीन-तीन उभे लाल दिवे, 1960 च्या दशकातल्यासारखे. दाराच्या मागे पत्र्यात दाबलेली खोबण. तिथून हवा आत जात नाही, ती नुसती आठवण आहे. नाक पुढे झुकलेलं, शार्कसारखं. आत बसलात तर धातूच्या पट्टीत दोन मोठे गोल काटे, आणि त्यावरचे आकडेसुद्धा जुन्या वळणाचे. मागची दोन चाकं एकाच अखंड आखाने जोडलेली, आपल्याकडच्या टेम्पोसारखी. दोन्ही चाकांना सुटं सस्पेन्शन देता आलं असतं. ते महाग पडलं असतं, वजनही वाढलं असतं. सरळ रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांना तर अखंड आखच हवा असतो. म्हणून साध्या मस्टँगची किंमत 20 हजार डॉलरच्या आत राहिली, आणि 300 अश्वशक्तीची जीटी साधारण 25 हजारांत बसली. एवढ्या पैशात एवढी ताकद ना जपानी देत होते, ना जर्मन.

या पुनरुज्जीवनाचं खरं इंजिन किंमत होती, असं माझं मत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. जुनं रूप घेऊन आलेली फोर्डचीच थंडरबर्ड त्याच काळात झोपली होती, कारण ती दोनच माणसांची, महागडी हौस होती. मस्टँग मात्र 2005 मध्ये 1.6 लाखांहून जास्त विकली गेली.

ती बनत कुठे होती? फ्लॅट रॉकला. डिअरबॉर्नच्या जुन्या कारखान्यातून शेवटची मस्टँग मे 2004 मध्ये निघाली आणि काम माझदाने बांधलेल्या छपराखाली आलं. माझदाच्या मोटारीही तिथे बनत होत्याच. ज्या कारखान्यात मस्टँग जपानी होणार म्हणून लोकांनी आकाशपाताळ एक केलं, तिथेच ती तयार होऊ लागली आणि या वेळी कुणी पत्र लिहिलं नाही. चेहरा बरोबर होता ना!

याची उलटी परीक्षाही त्याच सुमाराला झाली. जनरल मोटर्सने 2004 मध्ये जीटीओ परत आणली, ऑस्ट्रेलियातल्या होल्डनची गाडी, बिल्ला बदलून. इंजिन जोरदार, पळायला झकास. पण दिसायला कुणाचीही वाटावी अशी. लोकांनी तिला ओळखच दिली नाही, 2006 मध्ये ती आटोपली.

धडा पक्का घेतला गेला. जानेवारी 2006 मध्ये डेट्रॉइटलाच कॅमॅरो आणि चॅलेंजरचे नमुने आले, दोन्ही थेट 1969-70 च्या अल्बममधून उचलल्यासारखे. पत्र्याखाली डोकावलं तर वेगळंच. कॅमॅरोचा सांगाडा पुन्हा ऑस्ट्रेलियातल्या होल्डनकडे घडलेला, तिचं बाह्यरूप काढणाऱ्यांत कोरियन सांगयुप ली, आणि जुळणी कॅनडातल्या ओशावाची. चॅलेंजरही कॅनडातच, ब्रॅम्प्टनला बनायची. तिच्या सस्पेन्शनची रचना मर्सिडीजकडून आलेली, कारण क्रायस्लर तेव्हा जर्मनांच्या घरात नांदत होती. फाल्कनवर मस्टँग चढवायची 1964 ची युक्तीच ही. फक्त फाल्कन आता साता समुद्रापलीकडे शोधावी लागत होती.

(दृश्य: पंपावरचा दरफलक. चार डॉलर.)

मुहूर्त मात्र भलताच निघाला. चॅलेंजर 2008 मध्ये दुकानात आली, 425 अश्वशक्ती घेऊन, आणि त्याच उन्हाळ्यात पेट्रोलने गॅलनला चार डॉलर ओलांडले. मग बँका कोसळल्या. त्याच वर्षी टोयोटाने जनरल मोटर्सला मागे टाकून जगातला पहिला नंबर घेतला, 77 वर्षांनी तो डेट्रॉइटकडून गेला. 30 एप्रिल 2009 ला क्रायस्लर आणि 1 जूनला जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. नवी कॅमॅरो जन्मली ती अशी, घरात सुतक असताना. तरीही 2010 मध्ये तिने विक्रीत मस्टँगला मागे टाकलं. 1964 ची पोरं आता साठीकडे झुकली होती. मुलं मार्गी लागली होती, हातात चार पैसे होते, आणि विशीत घ्यायची राहून गेलेली गाडी समोर उभी होती.

मग ताकदीची जुनी खाज परतली. 2015 च्या चॅलेंजर हेलकॅटमध्ये 707 अश्वशक्ती होती. चॅलेंजरच्याच शेवटच्या डीमन 170 मध्ये, विशिष्ट इंधनावर, 1,025. एका मोटारीत! पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ती पहिल्या गिअरच्या बाहेर येणार नाही.

2015 पासून मस्टँग कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची मिळू लागली. त्यामुळे 2016 मध्ये ती अधिकृतपणे भारतातही आली, किंमत सुमारे 65 लाख. गरिबाची स्पोर्ट्स कार समुद्र ओलांडून श्रीमंताची झाली.

(दृश्य: डिसेंबर 2023. कारखान्यातला रिकामा होत चाललेला पट्टा.)

डिसेंबर 2023 मध्ये शेवटची कॅमॅरो निघाली आणि त्याच महिन्यात ब्रॅम्प्टनमधून शेवटची चॅलेंजर. चार्जर परत आली ती आधी विजेवर. विजेवरच्या या चार्जरला इंजिन नाही, म्हणून गुरगुरण्यासाठी मागे खास यंत्रणा बसवली आहे. ऐकून बघा, मी काही बोलत नाही. ज्या होल्डनने कॅमॅरोला हाडं दिली, तिचे ऑस्ट्रेलियातले कारखाने 2017 मध्येच बंद झाले.

सांगयुप ली पुढे ह्युंदाईत गेले आणि तिथल्या डिझाइनचे प्रमुख झाले. जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली, आणि पुण्याजवळच्या तळेगावचा तिचा कारखानाही ह्युंदाईनेच घेतला.

मस्टँग उरली आहे. 2024 मध्ये अमेरिकेत तिची विक्री सुमारे 44 हजारांवर आली. मेक्सिकोत बनणारी, घोड्याचाच बिल्ला लावलेली विजेवरची मॅक-ई त्या वर्षी तिच्याहून जास्त खपली.

(दृश्य: पुन्हा फ्लॅट रॉक. संध्याकाळ.)

माझदाने 2012 मध्ये इथलं उत्पादन बंद केलं. फाटकावर आता एकट्या फोर्डचं नाव आहे. पाळी सुटली आहे. कामगार आपापल्या गाड्यांकडे निघाले आहेत. आत, पट्ट्याच्या टोकाला, एक जण नव्या गाडीत बसतो, बटण दाबतो, आणि आठ सिलिंडर एकदम जागे होतात.

(इंजिनाचा आवाज. पडदा काळा.)