देवमाशाचा कान, हरणाचा घोटा

मित्रहो, देवमाशाचा पूर्वज ओळखायचा तर आधी त्याचा कान पाहावा लागतो. बाहेरचा नव्हे, तो देवमाशाला नसतोच. कवटीत मध्यकर्णाला झाकणारं एक पोकळ हाड असतं. देवमाशांमध्ये त्याची आतली कड विलक्षण जाड आणि भरीव असते. आजचा निळा देवमासा घ्या, डॉल्फिन घ्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म घ्या, ही कड सगळ्यांत आहे. पाकिस्तानात सापडलेल्या एका कवटीत ती दिसली आणि १९८१मध्ये फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल या जीवाश्म-अभ्यासकांनी तो प्राणी थेट देवमाशांच्या कुळात बसवला. नाव ठेवलं पाकिसेटस. पुढे बाकीचा सांगाडा मिळाला. लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा प्राणी!

पण हे कूळ आलं कुठून? दातांवरून बरेच अभ्यासक म्हणत की एका नामशेष झालेल्या, मांसाहारी, खूर असलेल्या गटातून. जनुकांचा अभ्यास करणारे म्हणत, पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात नातलग आहे. हा वाद घोट्याने मिटवला. गाय, हरीण, डुक्कर, उंट या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं. २००१मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी प्राचीन देवमाशांचं नेमकं तेच हाड जगापुढे ठेवलं. त्यातले एक गिंगरिच. ते स्वतः मांसाहारी गटाच्या बाजूचे होते. हाड हाती आल्यावर त्यांनी मत बदललं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. एक खुलासा करतो, कारण हा गोंधळ नेहमी होतो: पाणघोड्याचा देवमासा झाला नाही. दोघांचा पूर्वज एक, वाटा वेगळ्या.

आता आपल्या देशातली गोष्ट. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. तिथले जीवाश्म भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केले आणि १९७१मध्ये त्यातल्या एका प्राण्याला इंडोह्यूस हे नाव दिलं. ते गेल्यानंतर न फोडलेले कितीतरी दगड त्यांच्या पत्नीने सांभाळून ठेवले आणि शेवटी जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसेन यांच्याकडे सोपवले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाचं हाड चुकून तुटलं, आणि तुटलेल्या जागी तीच जाड कड दिसली. २००७मध्ये थेविसेन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. ते दगड त्या घरातून भंगारात गेले असते, तर खुरांचे प्राणी आणि देवमासे यांच्यातला हा दुवा आपल्या हाती लागला नसता. आपल्या महाविद्यालयांत पेट्यांमध्ये पडून असलेल्या जुन्या संग्रहांची मला म्हणूनच काळजी वाटते.

इंडोह्यूस मांजराएवढा, खुरांचा. पण त्याच्या पायाची हाडं जाड, जड. पाण्यात तळाशी टिकून राहायला अशी हाडं उपयोगी पडतात. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरूनही (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरूनही) तो पाण्यात बराच वेळ काढत असावा असं दिसतं. सह्याद्रीच्या जंगलातली पिसोरी, हा हरणासारखा इवलासा प्राणी, डोळ्यांसमोर आणा. तिचं आफ्रिकेतलं भावंड संकट आलं की पाण्यात उडी मारून लपतं. कुळाची सुरुवात अशीच, शिकारीसाठी नव्हे तर जीव वाचवण्यासाठी झाली असावी, हे मत मला पटतं.

हा काळ सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. पुण्यातल्या वेताळ टेकडीचा काळा दगड तेव्हा दीड कोटी वर्षांहून जुना झाला होता! लाव्ह्याच्या या दगडात आपल्याला देवमासा सापडणार नाही. पण हाच दख्खनचा दगड कच्छमध्ये खाली आहे आणि त्याच्यावर सागरी गाळाचे थर बसले आहेत. भारतीय भूखंड आशियाला भिडत होता, मधला टेथिस समुद्र आकसत होता, किनारे उथळ आणि उबदार होते. त्या थरांतून कच्छिसेटस मिळाला: लांब मुस्कट, आखूड पाय, दणकट शेपूट, पाणमांजरासारखी अंगकाठी. बाजपेयी आणि थेविसेन यांनी २०००मध्ये त्याचं वर्णन केलं.

इजिप्तच्या वाळवंटातला बॅसिलोसॉरस त्यानंतरचा. लांबी १५ मीटरच्या पुढे आणि मागचे पाय इवलेसे, गुडघा, घोटा, बोटांसकट. कंबरेचं हाड मात्र कण्यापासून सुटलेलं, त्यामुळे जमिनीवर भार पेलणं अशक्य. आजच्या देवमाशांतही कंबरेची दोन छोटी हाडं स्नायूंमध्ये उरली आहेत. ती निरुपयोगी नाहीत. प्रजननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात.